मागच्या पानावरची मतं

पुस्तकं उंचीप्रमाणे लावणाऱ्या माणसाशी माझं जमणं शक्यच नव्हतं. पण हे मला कळलं तोवर माझी साडेतीनशे पुस्तकं त्या माणसाच्या ताब्यात गेली होती. ती मी स्वतःच्या हाताने दिली होती, शाल-श्रीफळ घेऊन, फोटोसाठी हसून. मूर्खपणा माझाच. तो आधीच कबूल करते, म्हणजे पुढे मी जे केलं त्याबद्दल कोणी माझ्याकडून माफीची वाट बघायला नको.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. नवरा सरकारी बँकेत, म्हणून आठ वर्षांपूर्वी कोलकात्यात आलो आणि सॉल्ट लेकच्या क्वार्टरमध्ये राहिलो. इथे मराठी पुस्तक दुकानात जाऊन विकत घ्यायची सोय नाही. पुस्तकं येतात ती माणसांबरोबर. बँकवाले, रेल्वेवाले, हल्ली कंप्युटरवाली पोरं येतात, चार-दोन पुस्तकं आणतात, आणि बदली झाली की सामान हलकं करायला ती मागे राहणाऱ्याकडे ठेवून जातात. तोही बदलून गेला की त्याच्या मागचा सांभाळतो. ही इथली फार जुनी रीत. अशी फिरत फिरत ती सगळी माझ्याकडे येऊन थांबली, कारण माझ्या नवऱ्याला इथून हलवायला बँक बहुतेक विसरलीच होती.

या पुस्तकांची आणखी एक रीत होती. वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर आपलं मत लिहायचं. नाव नाही, सही नाही. 'छान आहे' एवढंच लिहायला बंदी. का छान, का भिकार, ते सांगायचं. पुढचा वाचक त्याच्याखाली लिहिणार, पटलं नाही तर तिथेच भांडणार. आमचा सात-आठ वाचकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण तिथे फक्त कुठलं पुस्तक कोणाकडे आहे तेवढंच टाकायचं. मत ग्रुपवर टाकलं की लोक हात जोडल्याची आणि टाळ्यांची चित्रं पाठवतात, आणि पुस्तक बिचारं तसंच राहतं. मागच्या पानावर टाळ्या वाजवता येत नाहीत.

पुस्तकं लावायची माझी पद्धत माझीच होती. लेखकाप्रमाणे नाही, विषयाप्रमाणे तर नाहीच. एक फळी आजारपणात वाचायच्या पुस्तकांची. एक नवऱ्याशी भांडण झाल्यावर वाचायच्या पुस्तकांची, ती नेहमी हाताला येईल अशी. एक देखण्या मुखपृष्ठाच्या आणि आत काही नसलेल्या पुस्तकांची. सगळ्यात खालची, पाहुणे आले की पडदा ओढून लपवायची. कोणी फोन केला की कुठलं पुस्तक कुठे आहे ते मी अंधारातसुद्धा सांगू शकले असते. बराकपूरला लष्करी डॉक्टरची बायको राहते, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. ती लोकलने सियालदहला यायची, मी मेट्रोने जायचे, आणि गेटपाशी पिशव्यांची अदलाबदल व्हायची. ती घाऊक बाजारातून कोथिंबीर घेऊन यायची आणि नेमकी पुस्तकांवरच ठेवायची. आमच्या निम्म्या कथासंग्रहांना अजून कोथिंबिरीचा वास येतो.

आणि बागबाजारला मावशी. नात्याची नाही, पण या शहरात माझं माहेर म्हणाल तर तीच. वय अठ्ठ्याहत्तर. नागपूरची मुलगी, कॉलेजात असताना एका बंगाली मुलाच्या प्रेमात पडली आणि लग्न करून इथे आली. "मराठ्यांना अडवायला म्हणून इंग्रजांनी इथूनच तर खंदक खणला होता," असं ती नव्या माणसाला हमखास सांगते, "आणि मी आपली बॅग घेऊन सरळ आत." यजमान गेले. मुलगा-सून चांगले आहेत, खरंच चांगले, पण घरात मराठीचा एक शब्द नाही. तिचं मराठी बोलणं म्हणजे आम्ही, आणि आम्ही नसलो की मागचं पान. सगळ्या मतांत सगळ्यात तिखट मत तिचं असायचं, पेन्सिलीने लिहिलेलं, उभ्या अक्षरात.

तर त्या वैशाखात नवऱ्याची बदलीची ऑर्डर आली. भोपाळ. आमच्यासारख्या घरात ऑर्डर आली म्हणजे काय होतं ते बदल्यांची माणसंच जाणतात. कागद हातात पडला की बाई घर वाटायला सुटते. आठ दिवसांत मी तुळस, कूलर, दोन वेताच्या खुर्च्या, डोशाचा तवा, सगळं वाटून मोकळी झाले. पुस्तकं कोणाला देणार? नव्या जोडप्यांच्या फ्लॅटमध्ये जागा नाही. तेवढ्यात आमच्या छोट्याशा मराठी मंडळाचे कार्यवाह म्हणाले, "वहिनी, मंडळाला द्या. काचेचं कपाट करू. तुमचं नाव राहील." नाव राहील म्हटल्यावर मी विरघळले. भाड्याच्या हॉलमध्ये समारंभ झाला, शाल झाली, नारळ झाला.

आणि समारंभानंतर दहाव्या दिवशी ऑर्डर रद्द. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, म्हणून नवऱ्याने केलेला अर्ज मंजूर.

लोक किती भले! तुळस परत आली, तवा परत आला, खुर्च्या तर नवीन पॉलिश करून आल्या. पुस्तकं तेवढी आली नाहीत. मी फोन केला, तर कार्यवाह म्हणाले, "वहिनी, दान दिलेली वस्तू परत कशी मागता?" हे गृहस्थ मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे, कोणाचं वाईट न चिंतणारे. अशा माणसाशी भांडणं फार अवघड असतं, कारण तो आवाजच चढवत नाही.

मी जाऊन बघितलं. काचेच्या कपाटात सगळी पुस्तकं खाकी कागदाचे एकसारखे कोट घालून उभी होती. डावीकडे सगळ्यात उंच, उजवीकडे सगळ्यात बुटकं. कथा, चरित्र, पाककृती, सगळं उंचीप्रमाणे! "दिसायला किती छान दिसतं," ते म्हणाले. मी एक पुस्तक उघडून मागचं पान काढलं. मागचं पान नव्हतंच. त्यावर तारखा टाकायचा छापील कागद डिंकाने चिकटवलेला. दुसरं काढलं, तेच. तिसरं, तेच. "लोकांनी पानं फार घाण केली होती हो," ते म्हणाले, "सगळी झाकून टाकली." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक तीन जिने उतरले.

त्याच संध्याकाळी मावशीचा फोन. "आली का गं पुस्तकं?" तिला जिने चढवत नाहीत म्हणून ती समारंभाला नव्हती. मी सांगितलं. ती म्हणाली, "मला विचारलं नाहीस."

नव्हतं विचारलं.

दुसऱ्या दिवशी बागबाजारला गेले, तेव्हा तिने खरं काय ते सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं होतं. इंजेक्शनं चालू होती, पण मधलं पुसत चाललं होतं. "कडा दिसतात," ती म्हणाली, "तुझे कान दिसतात, झुमके दिसतात. नाक नाही दिसत. अक्षरांचं तसंच. भिंग घेऊन, मान वाकडी करून, अजून जमतंय. दुर्गापूजेपर्यंत जमेल, असं माझं मला वाटतं." आणि तिने उशीखालून एक यादी काढली. अकरा पुस्तकं. ती इथे आल्यावर तिशी-पस्तिशीत वाचलेली, आणि प्रत्येकाच्या मागच्या पानावर तेव्हाचं तिचं मत. "मला ती पुन्हा वाचायची आहेत. तेव्हाचं मत अजून टिकतं का बघायचंय. मग डोळे खुशाल जाऊ देत."

अकराच्या अकरा त्या काचेच्या कपाटात, आणि तिची मतं डिंकाखाली. मी तिथे बसून रडले. तिने रडू दिलं, मग म्हणाली, "झालं? आता काहीतरी कर."

मी कार्यवाहांना सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण नियम होता. रविवारी अकरा ते बारा. एका सभासदाला दोन पुस्तकं, पंधरा दिवस, स्वतः येऊन सही करायची. "मावशींना दोन नक्की देऊ," ते म्हणाले, "कोणीतरी वर आणा त्यांना." मी विचारलं, खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून? त्यावर ते म्हणाले, "एकाला सवलत दिली की सगळेच मागतात."

घरी येऊन मी भांडी आपटली. नवरा नियमांचा माणूस, पस्तीस वर्षं परिपत्रकं वाचलेला. तो मंडळाची नियमावली घेऊन बसला. अर्ध्या तासाने चष्मा काढून म्हणाला, "अगं, नेलेलं पुस्तक सभासदाने घरी जाऊन कोणाला वाचायला द्यावं याबद्दल यात एक अक्षर नाही." मग नियमावली मिटून, "आणि माझी वर्गणी भरलेली आहे." लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्या क्षणाइतका तो मला कधीच आवडला नव्हता.

त्या रविवारी अकराला पाच कमी असताना आम्ही सहा जण हॉलच्या दारात उभे होतो. मी, नवरा, पहिल्या गाडीने आलेली बराकपूरची, आणि ग्रुपमधले तिघं. कार्यवाह खूश झाले. "वा! वाचनाची आवड वाढतेय!" प्रत्येकाने दोन पुस्तकं घेतली, सही केली, शहाण्या मुलांसारखं रांगेत. यादीतली अकरा, आणि नवऱ्याने आपल्या मनाने उचललेलं एक पाककृतींचं. तिथून आम्ही थेट बागबाजारला.

मावशीच्या स्वयंपाकघरात सुनेने किटली चढवली. चहासाठी नाही, वाफेसाठी. तिला मराठी येत नाही, पण काय करायचं ते तिला कोणी सांगायची गरज पडली नाही. वाफेवर पान धरायचं, डिंक मऊ झाला की छापील कागदाचं टोक नखाने उचलायचं आणि श्वास रोखून ओढायचं. शाईची काही मतं पसरून गेली. माझं पहिलंवहिलं मतही गेलं, जाऊ दे, फार गोड लिहिलं होतं. पेन्सिल मात्र जशीच्या तशी राहिली. पहिलं उभं अक्षर कागदाखालून वर आलं, तेव्हा सुनेने ते बोटाने दाखवून सासूकडे बघितलं आणि बंगालीत विचारलं, हे तुमचं ना? मावशीला दिसत नव्हतं. तरी तिने होकारार्थी मान हलवली.

पंधरा दिवस झाले. सोळाव्या दिवशी मंडळाच्या मोठ्या ग्रुपवर, जिथे दोनशे लोक सणांच्या शुभेच्छा देतात, आम्हा सहा जणांची नावं झळकली. पुस्तकं परत करावीत ही विनंती, खाली तारीख. लोकांनी त्यालाही हात जोडले. माझं टाळकं सटकलं. मी तिथेच लिहिलं, 'पुस्तकं वाचली जात आहेत. वाचून झाल्यावर बघू.' मग कार्यवाहांचा फोन आला. मी म्हटलं, "पुस्तकं हवीत ना? चला, जिथे आहेत तिथे नेते." टॅक्सी केली. वाटेत ते रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

मावशी खिडकीशी बसली होती. डाव्या हातात भिंग, मान एका बाजूला कललेली, नाक जवळजवळ कागदाला टेकलेलं. एक ओळ वाचायला जेवढा वेळ लागत होता, तेवढ्यात मी पान उलटलं असतं. कार्यवाह दारातच थांबले. तिने वर न बघता विचारलं, "कोण? ते उंचीवाले का?" मला हसू आवरेना. त्यांनी मात्र वाकून नमस्कार केला.

"बसा. बरं झालं आलात. हे संपलं आत्ताच. मागे मी काय लिहिलंय ते मला लागत नाहीये. पेन्सिल फिकट झालीय. वाचा."

घर सोडून गेलेल्या एका बाईची ती कादंबरी. कार्यवाहांनी चष्मा लावला आणि स्वतःच झाकलेलं ते पान वाचायला घेतलं. "'शेवटी ती परत येते ते पटलं नाही. लेखकाला तिची दया आली असेल. तिने मागितली नव्हती.'"

"बरोबर," मावशी म्हणाली. "आता खाली लिहा. मला ओळ सरळ येत नाही. लिहा, चाळीस वर्षांनी पुन्हा वाचलं. तरीही पटलं नाही. लेखक भित्रा आहे."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. माझ्याकडे एकदा बघितलं. मी छताकडे बघितलं. त्यांनी लिहिलं.

"वाचून दाखवा."

"'चाळीस वर्षांनी पुन्हा वाचलं. तरीही पटलं नाही. शेवट अधिक परिणामकारक होऊ शकला असता.'"

"मी असं म्हणाले?"

"आशय तोच आहे, मावशी. लेखकाबद्दल एकदम असं…"

"आशय राहू द्या बाजूला. खोडा. मी म्हटलं तसं लिहा."

त्यांनी खोडलं आणि लिहिलं. 'भित्रा' हा शब्द तिला दिसावा म्हणून तिने तो मोठ्या अक्षरात लिहवून घेतला, मग भिंग लावून त्याच्या कडा तपासल्या. चहा झाला. निघताना ते गल्लीत मला म्हणाले, "वहिनी, मुदत वाढवता येते. एक अर्ज द्या फक्त."

"अर्ज देणार नाही," मी म्हटलं.

"मग मी रजिस्टरमध्ये काय लिहू?"

"लिहा, वाचक ऐकत नाहीत."

त्यानंतर मी थांबले नाही. का थांबू? दर रविवारी कोणी ना कोणी जिने चढलं. कंप्युटरवाली पोरं आली, त्यांच्या बायका आल्या, एकदा बराकपूरची अख्खी भिशी आली. प्रत्येकाने दोन न्यायची, माझ्या घरी आणायची, आम्ही किटली चढवायची. कार्यवाह नोंद करत राहिले, एका शब्दाने अडवलं नाही. श्रावण सरता सरता काचेच्या कपाटात एक ट्रॉफी आणि अहवालांचे गठ्ठे उरले, बहुधा तेही उंचीप्रमाणे. मंडळाच्या सभेत माझ्यावर ठपका ठेवला म्हणे. ठेवोत. खाकी कोट मी एकेक करून उतरवले आणि पुस्तकं माझ्या पद्धतीने लावली. कोणाला बघायची असतील त्यांनी यावं, चहा मिळेल, पण फळ्यांना हात लावायचा नाही.

मावशी वाचत होती. रोज थोडं, उन्हाची तिरीप खिडकीतून जाईपर्यंत. सात झाली, आठ झाली. दोन मतं तिने बदलली आणि तसं लिहवून घेतलं, 'तेव्हा मी फार शहाणी होते' असं एका ठिकाणी. नववं झालं. दहावं सर्वांत जाड होतं. गल्लीच्या तोंडाशी पूजेच्या मांडवाचे बांबू उभे राहिले, आणि तिचे फोन यायचे थांबले.

मी गेले, तर पुस्तक मिटून टेबलावर ठेवलेलं, भिंग त्याच्या खोक्यात. ती म्हणाली, "घेऊन जा. माझं झालं." मी मागचं पान उघडलं. आमच्यात पुस्तक अर्ध्यात सोडलं तर किती पानावर सोडलं आणि का, तेही लिहायचं असतं, ते न लिहिता पुस्तक पुढे द्यायचं नाही. तिने स्वतःच लिहिलं होतं, कोणाला न सांगता, अक्षरं एकमेकांवर चढलेली, ओळ तिरकी होऊन खाली कोपऱ्यात गेलेली.

'पान ११२. पुस्तकाचा दोष नाही.'

मी ते दोनदा वाचलं. मग मला जो राग आला, तो कोणावर आला मला माहीत नाही. त्या डोळ्यांवर, डॉक्टरवर, शाल घेऊन फोटोला हसणाऱ्या माझ्यावर, ते वाया गेलेले आठवडे मला कोणी परत देणार नव्हतं म्हणून. पर्समधलं पेन काढलं, तिची ओळ तशीच ठेवली, आणि तिच्याखाली लिहिलं, 'पान ११३. वाचक दोन.' खुर्ची ओढली, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. आवाज फुटत होता म्हणून आणखी मोठ्याने वाचायला लागले, इतकं की आतून सून धावत आली.

मावशीने अर्धं पान ऐकून घेतलं. मग हात वर केला.

"अगं, हळू. डोळे गेलेत माझे, कान नाही."

मी आवाज खाली घेतला आणि पुढे वाचत राहिले.